विजेचा दृष्टान्त आणि क्लाउडचा स्वीकार

एखादी नवी व्यवस्था रूढ होऊ लागली म्हणजे तिच्याबरोबर तिच्या समर्थनाचे एक वाङ्मयही वाढीस लागते. या वाङ्मयात आकडे असतात, अनुभवकथने असतात, जाणकारांचे अभिप्राय असतात. परंतु वाचकाच्या मनाची पकड घेण्याचे काम बहुधा एखादा दृष्टान्तच करीत असतो. मोठ्या उद्योगांनी स्वतःची संगणकयंत्रणा मोडीत काढून, दुसऱ्याच्या यंत्रणेवर भाडे भरून आपले कामकाज चालवावे, हा विचार गेल्या वीस वर्षांत जगभर मान्यता पावला. क्लाउडचा स्वीकार या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या समर्थनाची इमारत ज्या दृष्टान्तावर उभी आहे, तो दृष्टान्त विजेचा होय. गिरणीला लागणारी वीज गिरणीने स्वतः निर्माण करावयाची नसते. ती तारेवरून यावी, मीटरवर मोजली जावी आणि महिनाअखेर तिचे बिल चुकते व्हावे. मग गणनशक्तीच तेवढी ज्याने त्याने आपल्या आवारात का निर्माण करावी? प्रश्न बिनतोड वाटतो. तो कितपत बिनतोड आहे, हे तपासण्याचे काम समर्थकांनी केले नाही यात नवल नाही. विरोधकांनीही ते पुरतेपणी केलेले दिसत नाही.

'मेघसंगणन' असा पर्याय मराठीत सुचविला गेला असला तरी व्यवहारात 'क्लाउड' हाच शब्द रुळला आहे. जाळ्यांच्या आकृत्या काढणारे अभियंते आकृतीतील ज्या भागाच्या अंतर्रचनेशी आपल्याला कर्तव्य नाही, त्या भागाच्या जागी ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव पडले. म्हणजे आत काय आहे ते पाहण्याची गरज नाही, ही शिकवण नावातच आहे. विजेचा दृष्टान्तही हेच सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात पाच लक्षणे दिली आहेत : मागताक्षणी ग्राहकाला स्वतःच सेवा घेता येणे, जाळ्यावरून सर्वत्र उपलब्धता, अनेक ग्राहकांसाठी साधनांचा सामाईक साठा, त्वरित लवचिकता आणि वापराचे मापन. या पाचांपैकी फार तर अखेरची तीन विजेला लागू पडतील. व्याख्या रुक्ष आहे, पण तिने कोणाची दिशाभूल होण्याचे भय नाही. दिशाभूल झाली ती व्याख्येने नव्हे, दृष्टान्ताने.

गणनशक्ती ही सार्वजनिक सेवा व्हावी, ही कल्पना क्लाउडहून बरीच जुनी आहे. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या शताब्दीनिमित्त केलेल्या भाषणात जॉन मॅकार्थी यांनी, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून संघटित होऊ शकेल, असे सूचित केले होते. १९६६ मध्ये डग्लस पार्कहिल यांनी याच विषयाला वाहिलेला 'द चॅलेंज ऑफ द कॉम्प्युटर युटिलिटी' हा ग्रंथ लिहिला. पुढे संगणक लहान व स्वस्त होत गेले, ज्याचा त्याचा संगणक ज्याच्या त्याच्या टेबलावर आला आणि ही कल्पना मागे पडली. २००६ साली ॲमेझॉनने मार्चमध्ये साठवणीची आणि ऑगस्टमध्ये गणनशक्तीची सेवा भाड्याने देण्यास प्रारंभ केला, तेव्हा तिला पुन्हा देह मिळाला. वाणी मिळाली ती निकोलस कार यांच्या 'द बिग स्विच' या २००८ मधील ग्रंथामुळे.

कार यांच्या ग्रंथाचे सामर्थ्य त्यातील कथनात आहे. हेन्री बर्डन या लोखंडाच्या कारखानदाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे एक अवाढव्य पाणचक्र उभारले होते. त्या चक्राच्या बळावर तो प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकू शकला. परंतु पुढे विजेचे युग आले आणि ते चक्र ओसाड जागी गंजत पडले. या चित्राने ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाचा प्रारंभ होतो. त्यानंतर येतो सॅम्युएल इन्सल. एडिसनच्या हाताखाली तयार झालेला हा गृहस्थ १८९२ साली शिकागोस गेला आणि तेथील वीज कंपनी त्याने अशा रीतीने वाढविली की, कारखान्यांना स्वतःची जनित्रे चालविणे तोट्याचे वाटू लागले. ट्रामगाड्यांना वीज सकाळ-संध्याकाळ लागते, कारखान्यांना दिवसा, घरांना रात्री. या भिन्न वेळांच्या मागण्या एकाच केंद्रावर एकत्र केल्या म्हणजे यंत्रे रिकामी राहत नाहीत आणि दर उतरतो, हे इन्सलचे मर्म कार यांनी उत्तम उलगडले आहे. बर्डनचे चक्र म्हणजे आजच्या कंपनीचे डेटा सेंटर आणि इन्सल म्हणजे आजचे क्लाउड-पुरवठादार, हे समीकरण वाचकाच्या मनात मग आपोआप तयार होते. गंजलेल्या चक्राचे चित्र कोणत्या संचालक मंडळाला अस्वस्थ करणार नाही?

याच सुमारास, फेब्रुवारी २००९ मध्ये, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 'अबव्ह द क्लाउड्स' हा अहवाल प्रसिद्ध केला. कार यांच्या ग्रंथाच्या मानाने तो कोरडा आहे आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे. डेटा सेंटरमधील सर्व्हरचा सरासरी वापर त्यांच्या क्षमतेच्या ५ ते २० टक्के एवढाच असतो, हा त्यातील आकडा पुढे असंख्य सादरीकरणांतून फिरला. एक यंत्र हजार तास चालविणे आणि हजार यंत्रे एक तास चालविणे यांचा खर्च सारखाच पडतो, ही क्लाउडची खरी नवलाई या अहवालाने नेमकी दाखविली. त्यात ॲनिमोटो नावाच्या एका लहान कंपनीचे उदाहरण आहे : तिला तीन दिवसांत ५० सर्व्हरांवरून ३५०० सर्व्हरांवर जावे लागले आणि क्लाउडमुळे ते शक्य झाले. याच अहवालात क्लाउडच्या वाटेवरील दहा अडथळेही नमूद केले आहेत. त्यांत एका पुरवठादाराकडे माहिती अडकून पडणे, गोपनीयता आणि माहिती हलविण्यातील अडचण यांचा समावेश आहे. सादरीकरणांतून ५ ते २० टक्के फिरले, दहा अडथळे फिरले नाहीत. ग्रंथांचे असे अर्धे वाचन सर्वच क्षेत्रांत होत असते.

ॲनिमोटोचे उदाहरण मोठ्या उद्योगाला लावताना काय होते, ते पाहण्यासारखे आहे. बँकेची खातेवही, विमा कंपनीचे हप्ते, कारखान्याचे पगारपत्रक यांची मागणी तीन दिवसांत सत्तरपट होत नाही. महिनाअखेर ती वाढते, वर्षअखेर आणखी वाढते, आणि हे सर्व अगोदरपासून ठाऊक असते. जेथे मागणी सम आणि अपेक्षित आहे, तेथे लवचिकतेचे मोल कमी. आणि लवचिकतेचे मोल मात्र दरात समाविष्ट असते. हे पुरवठादारांनीही लवकरच ओळखले. ॲमेझॉनने २००९ मध्येच एक वा तीन वर्षांची बांधिलकी पत्करणाऱ्या ग्राहकास सवलतीचा दर देण्याची पद्धत सुरू केली. पुढे मोठ्या ग्राहकांशी अनेक वर्षांच्या खर्चाची हमी घेणारे करार होऊ लागले. भांडवली खर्च नको, वापराल तेवढेच भरा, असे म्हणून ज्याला बोलाविले, त्याला सवलत हवी असेल तर वापराच्या आधीच हमी द्यावी लागते. यात फसवणूक नाही. व्यापारात असे होतच असते. पण मीटरची गोष्ट येथे संपली, एवढे तरी कबूल करावयास हवे. ड्रॉपबॉक्सने आपल्या ग्राहकांच्या फायलींपैकी बहुतेक सर्व ॲमेझॉनच्या यंत्रणेवरून उचलून स्वतःच्या यंत्रणेवर नेल्या. त्यामुळे दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे २०१८ मधील भागविक्रीच्या कागदपत्रांत कंपनीने नमूद केले. ड्रॉपबॉक्सचे काम एकाच जातीचे, प्रचंड आणि स्थिर वाढीचे होते. ते बर्डनच्या चक्राकडे परत गेले, असे कार यांच्या भाषेत म्हणावे लागेल. आणि चक्र गंजले नाही.

मात्र खर्चाचा वाद हा या दृष्टान्ताचा वरवरचा भाग आहे. खरा दोष अधिक खोलवर आहे, आणि तो दाखविण्यास आपल्या अलंकारशास्त्राची परिभाषा अधिक सोयीची आहे. उपमेला उपमेय, उपमान, वाचक शब्द आणि साधारणधर्म अशी चार अंगे असतात. काव्यात साधारणधर्म एका अंगापुरता असला तरी चालतो. मुख चंद्रासारखे म्हटले की चंद्रावरील डाग कोणी विचारात घेत नाही. तर्कात मात्र दृष्टान्त देणाऱ्याने, जो निष्कर्ष काढावयाचा त्याच्याशी संबद्ध असा धर्म दोहोंकडे आहे, हे दाखविले पाहिजे. वीज आणि गणनशक्ती यांचा साधारणधर्म कोणता? दोन्ही एका ठिकाणी निर्माण करून तारेने दूरवर पाठविता येतात, दोन्ही मोजता येतात, दोहोंत भिन्न मागण्या एकत्र केल्याने बचत होते. येथवर दृष्टान्त खरा आहे. पण निष्कर्ष असा काढला जातो की, ग्राहकाने पुरवठादार निवडावा, बिल भरावे आणि आपल्या धंद्याकडे लक्ष द्यावे. या निष्कर्षाला विजेचा आणखी एक धर्म लागतो आणि तो गणनशक्तीत नाही. वीज गिरणीत येते, साचा फिरविते आणि संपते. तिला गिरणीची आठवण राहत नाही. काल आलेली वीज आज कोठे आहे, असे कोणी विचारीत नाही. क्लाउडकडे मात्र ग्राहकाकडून काहीतरी जाते आणि तेथेच राहते : खाती, नोंदी, ग्राहकांची माहिती, त्या माहितीवर चालणारे नियम, आणि ते नियम पुरवठादाराच्या खास साधनांत ज्या रीतीने लिहिले गेले ती रीत. विजेचा प्रवाह पुरवठादाराकडून ग्राहकाकडे वाहतो. क्लाउडमध्ये मोलाचा प्रवाह उलट दिशेने आहे.

हा भेद शाब्दिक नाही, याचे प्रत्यंतर मे २०२४ मध्ये आले. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगलच्या क्लाउडवरील संपूर्ण खासगी यंत्रणा पुरवठादाराकडील व्यवस्थेतील चुकीमुळे नाहीशी झाली. पाच लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. यंत्रणा दोन भौगोलिक ठिकाणी ठेवलेली होती. परंतु वर्गणीचे खातेच पुसले गेल्याने दोन्ही ठिकाणची माहिती गेली. निधीने आपल्या माहितीची एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवली होती, म्हणून ती पुन्हा उभी करता आली. वीज गेली तर ती परत येते आणि गिरणी जेथे थांबली तेथून पुढे चालू होते. गेलेली वीज परत मिळवावी लागत नाही. युनिसुपरला ज्या दूरदृष्टीने वाचविले, ती विजेच्या दृष्टान्तात बसत नाही : कोणताही कारखानदार आपली वीज दुसऱ्या कंपनीकडे प्रत म्हणून ठेवीत नाही.

या दृष्टान्ताच्या मर्यादा यापूर्वी कोणाच्याच लक्षात आल्या नव्हत्या असे नाही. मे २०१० मध्ये ब्रिन्योल्फसन, हॉफमन आणि जॉर्डन यांनी अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मासिकात क्लाउड आणि वीज यांची तुलना करणारा एक लेख लिहिला. तंत्रातील बदलाचा वेग, दूरच्या अंतरामुळे होणारा विलंब, पूरक शोधांची आवश्यकता, पुरवठादाराच्या बंधनात अडकणे, सुरक्षितता, असे भेद त्यांनी दाखविले. लेख समतोल आहे आणि त्याला जेवढे वाचक मिळावयास हवे होते तेवढे मिळाले नाहीत. तरीही त्याची मांडणी यादीच्या स्वरूपाची आहे. माहिती टिकून राहते या एका गोष्टीतून बंधन, सुरक्षितता आणि जबाबदारी हे तिन्ही प्रश्न निघतात, हा संबंध त्यात पुरेसा उठून दिसत नाही. खुद्द कार यांनीही एक भेद नोंदविला आहे. विजेच्या बाबतीत निर्मिती केंद्रात होते आणि उपकरणे ग्राहकाकडे राहतात; संगणनाच्या बाबतीत उपकरणे, म्हणजे सॉफ्टवेअर, तीही केंद्रातूनच पुरविता येतात. कार यांना हा क्लाउडचा वाढीव गुण वाटतो. वास्तविक दृष्टान्ताचा सांधा येथेच निखळतो. ज्या वीज कंपनीने वीज पाठविण्याऐवजी गिरणीचे साचेच आपल्या आवारात मांडून घेतले असते, तिला गिरणीमालकाने केवळ वीज कंपनी म्हटले नसते.

आता या दृष्टान्ताच्या विस्मृत अर्ध्याकडे वळता येईल. विजेची कथा सांगताना कार आणि त्यांचे अनुयायी केंद्राची कथा सांगतात. कारखान्याची सांगत नाहीत. ती कथा अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० साली 'द डायनॅमो अँड द कॉम्प्युटर' या लहानशा निबंधात सांगितली होती. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. परंतु शतक संपताना अमेरिकेतील कारखान्यांच्या यंत्रशक्तीत विद्युत्‌ मोटारींचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी होता आणि तो निम्म्यावर येण्यास आणखी सुमारे वीस वर्षे गेली. कारण काय? वाफेच्या एंजिनाभोवती रचलेल्या कारखान्यात एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सारी यंत्रे फिरत. प्रारंभी मालकांनी एंजिन काढून त्या जागी मोठी मोटार बसविली. दांडा, पट्टे, मजल्यावर मजला चढविलेली इमारत, सर्व तसेच ठेवले. लाभ फारच थोडा झाला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार देता येते, मग यंत्रे दांड्याच्या सोयीने न मांडता कामाच्या क्रमाने मांडता येतात, मग इमारत एकमजली व मोकळी बांधता येते, हे उमगले आणि त्याप्रमाणे कारखाने नव्याने बांधले गेले, तेव्हा उत्पादकतेत मोठी वाढ दिसू लागली. वीज विकत घेता आली. कारखान्याची पुनर्रचना विकत घेता आली नाही. लोणावळ्याच्या परिसरात अडविलेल्या पाण्यावर खोपोली येथे निर्माण झालेली टाटांची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तेव्हाही ती वीज घेऊन साचेखात्याची मांडणी कशी करावयाची, हा प्रश्न तारेबरोबर सुटून आला नव्हता. एक शतकानंतर, जून २०१६ मध्ये, त्याच शहरात ॲमेझॉनने आपला क्लाउड-विभाग सुरू केला. त्याच्या ग्राहकांपुढेही प्रश्न त्याच जातीचा होता.

मोठ्या उद्योगांच्या क्लाउड-स्थलांतराचा इतिहास डेव्हिड यांच्या निबंधाची आठवण पावलोपावली करून देतो. बिऱ्हाड हलवावे तशी जुनी सॉफ्टवेअर-व्यवस्था जशीच्या तशी उचलून क्लाउडवर ठेवणे, ही पद्धत सर्वांत लोकप्रिय ठरली. कारण ती जलद होते आणि तिच्यासाठी खात्याखात्यांतील भांडणे उकरून काढावी लागत नाहीत. पण अशा स्थलांतरात जुना दांडा व जुने पट्टे तसेच राहतात आणि त्यांना आता भाड्याची मोटार लागलेली असते. रात्रंदिवस चालू ठेवण्याच्या हेतूने लिहिलेली व्यवस्था तासाच्या दराने भाडे देणाऱ्या जागी नेली, तर बिल कमी होण्याचे कारण नाही.

समर्थकांचे सर्वांत आवडते उदाहरण नेटफ्लिक्सचे आहे, आणि ते नीट वाचले तर त्यातून नेमकी हीच गोष्ट निघते. ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्सच्या मुख्य माहितीसाठ्यात बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठविता आल्या नाहीत. त्यातून क्लाउडवर जाण्याचा निर्णय झाला. स्थलांतर पूर्ण झाले ते जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. आपली व्यवस्था तशीच उचलून नेणे सोपे होते, पण तिच्याबरोबर तिचे दोषही गेले असते, म्हणून जवळजवळ सर्व व्यवस्था नव्याने लिहिली आणि कंपनीची कार्यपद्धतीही बदलली, असे कंपनीने स्वतः सांगितले आहे. खर्चात बचत हा आपला मुख्य हेतू नव्हता, असेही तिने स्पष्ट केले. आणखी एक गोष्ट या उदाहरणात बहुधा सांगितली जात नाही. प्रेक्षकाच्या पडद्यावर जे चित्र उमटते, ते ॲमेझॉनच्या यंत्रणेतून येत नाही. २०१२ मध्ये जाहीर केलेल्या स्वतःच्या वितरण-जाळ्यातील, स्वतः तयार करविलेल्या यंत्रांतून नेटफ्लिक्स ते पाठविते. जे काम धंद्याचा प्राण होते आणि ज्याचे प्रमाण प्रचंड होते, ते कंपनीने हातचे सोडले नाही. हे उदाहरण संपूर्ण क्लाउडचे नसून विवेकाने केलेल्या विभागणीचे आहे, आणि तेवढ्यासाठीच ते अभ्यसनीय आहे.

जबाबदारीचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. मीटरच्या अलीकडे कंपनी, पलीकडे ग्राहक. क्लाउडच्या करारांतही अशी रेषा आखलेली असते : यंत्रे, इमारती आणि पायाभूत जाळे यांच्या सुरक्षिततेचा भार पुरवठादारावर, त्यावर ठेवलेली माहिती, प्रवेशाचे अधिकार आणि मांडणी यांचा भार ग्राहकावर. कागदावर रेषा स्वच्छ आहे. प्रत्यक्षात ती ग्राहकाच्या कामकाजाच्या आतून जाते, आणि ती कोठून जाते हे समजण्यास पुरवठादाराच्या साधनांचे बारीक ज्ञान लागते. कॅपिटल वन ही अमेरिकेतील बँक क्लाउडच्या स्वीकारात सर्वांच्या पुढे होती. जुलै २०१९ मध्ये तिच्याकडून अमेरिकेतील सुमारे दहा कोटी आणि कॅनडातील सुमारे साठ लाख व्यक्तींची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले. भिंतीचे काम करणाऱ्या एका सॉफ्टवेअरची मांडणी सदोष राहिली होती. पुरवठादाराची यंत्रे शाबूत होती. रेषेच्या ग्राहकाकडील बाजूस छिद्र होते. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय बँकांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकन कार्यालयाने बँकेस आठ कोटी डॉलर दंड केला. त्याचे कारण केवळ चोरी हे नव्हते : महत्त्वाचे कामकाज क्लाउडवर नेण्यापूर्वी जोखमीचे योग्य मूल्यमापन करणारी व्यवस्था बँकेने उभी केली नाही, असा ठपका होता. तरीही बँकेने पाऊल मागे घेतले नाही आणि २०२० मध्येच आपले अखेरचे डेटा सेंटर बंद केले. या घटनेवरून क्लाउड असुरक्षित आहे, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. स्वतःच्या आवारातील डेटा सेंटरांतूनही चोऱ्या होतच आल्या आहेत. अनुमान निघते ते एवढेच की, ज्ञान भाड्याने मिळत नाही. उलट, यंत्रे सांभाळणारी माणसे कमी केल्यानंतर यंत्रांची मांडणी समजणारी माणसे अधिक लागतात.

भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या आणि त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून लागू केलेल्या निर्देशांचा रोख हाच होता. माहिती-तंत्रविषयक कामे बाहेरून करवून घेतली तरी ग्राहकांप्रति असलेली जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, हे त्यांत स्पष्ट केले होते. क्लाउडसंबंधी स्वतंत्र परिशिष्ट जोडले होते आणि पुरवठादाराकडून बाहेर पडण्याची योजना अगोदरच आखून ठेवण्यास सांगितले होते. वीज जोडणी घेताना कोणी ती तोडण्याची योजना सादर करीत नाही. नियामकांची रुक्ष भाषा येथे सिद्धान्तकारांच्या रसाळ भाषेपेक्षा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे.

अलीकडे उलट बाजूचेही एक वाङ्मय तयार झाले आहे. क्लाउड सोडून स्वतःच्या यंत्रांकडे परतावे, असा त्याचा आग्रह. थर्टीसेव्हन सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये असा निर्णय जाहीर केला आणि त्या वर्षीचे आपले क्लाउडचे बिल ३२ लाख डॉलर असल्याचे सांगितले. लेखन धारदार आहे आणि हिशेब उघडा मांडला आहे, हे त्याचे मोठेपण. पण मूठभर कुशल अभियंत्यांच्या, स्वतःच लिहिलेल्या मोजक्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लहान कंपनीचा अनुभव शंभर खात्यांच्या आणि तीस वर्षांच्या साचलेल्या व्यवस्थेच्या उद्योगास लावणे, म्हणजे ॲनिमोटोचेच उदाहरण उलटे टांगणे होय. अतिव्याप्तीचा दोष दोन्ही पक्षांकडे सारखाच आहे.

विजेऐवजी दुसरे उपमान सुचवावयाचे झाल्यास ते खंडाने घेतलेल्या जमिनीचे सुचविता येईल. खंडकरी शेतकऱ्याची जमीन दुसऱ्याची असते, पण कसणे त्याचे असते. तो बांध घालतो, विहीर खोदतो, झाडे लावतो. आणि जेवढी त्याची मेहनत अधिक, तेवढे ती जमीन सोडणे त्याला महाग, कारण विहीर काही उचलून नेता येत नाही. एखाद्या पुरवठादाराच्या खास साधनांवर ज्या उद्योगाने आपले कामकाज जितके कौशल्याने बांधले, तितका तो त्या जमिनीला अधिक बांधला जातो. नेटफ्लिक्ससारख्या पुनर्रचनेचा लाभ आणि तिचे बंधन ही एकाच विहिरीची दोन नावे आहेत. म्हणून जे नुसते बिऱ्हाड हलवितात त्यांना लाभ थोडा आणि बंधनही थोडे, आणि जे खरोखर नव्याने बांधतात त्यांना दोन्ही भरपूर. विजेच्या दृष्टान्तातून ही निवड दिसतच नाही. अर्थात हे उपमानही सर्वांशाने जुळत नाही. महाराष्ट्रातील कूळ दुर्बळ होते आणि १९४८ च्या कूळकायद्यापूर्वी त्याला संरक्षण फार थोडे होते. मोठी बँक दुर्बळ नसते, वकिलांची फौज घेऊन ती करारास बसते. शिवाय येथे जमीनमालक स्वतःही उत्तम शेतकरी असतो आणि कुळाने काढलेल्या पिकाच्याच बाजारात कधीकधी तोही उतरतो. नेटफ्लिक्स ॲमेझॉनच्या जमिनीवर आहे आणि ॲमेझॉन स्वतःही चित्रपट दाखविते.

तथापि या उपमानामुळे एक प्रश्न योग्य जागी येतो : जमीन सोडताना विहिरीचे काय? युरोपीय संघाच्या माहितीविषयक कायद्याने तो प्रथमच मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. हा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. पुरवठादार बदलू इच्छिणाऱ्या ग्राहकाला अडथळा करता येणार नाही, आणि अशा बदलासाठी कोणतेही शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून आकारता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. कायदा लागू होण्यापूर्वीच, २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत, गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे निघून जाणाऱ्या ग्राहकाकडून माहिती बाहेर नेण्याचे शुल्क न घेण्याचे जाहीर केले होते. शुल्क गेले म्हणजे धान्य बाहेर नेण्याचा जकातनाका उठला. विहीर मात्र आहे तेथेच आहे : पुरवठादाराच्या खास साधनांत लिहिलेले नियम दुसऱ्याच्या साधनांत पुन्हा लिहावे लागतात, आणि ते काम कोणी करावयाचे व त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे ज्या त्या उद्योगाच्या माणसांवरच राहिले आहे.